‘बाहेरचं खाणं बंद करा’ हे वाक्य आता आम्ही डॉक्टरांनीच बंद करावं

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री साडेदहाला फोन वाजला. सांगलीतलेच माझे जुने पेशंट, निवृत्त शिक्षक, वय 67, बीपीची गोळी चालू. नवरा-बायको दोघं मुलीकडे मुंबईला गेले होते. आवाजात घबराट.

“डॉक्टर, पोरीनं मॉलमध्ये जपानी जेवायला नेलं होतं. कच्चा मासा खाल्लाय. एखादी अँटिबायोटिक घेऊन ठेवू का?”

“काही त्रास होतोय का, गुरुजी?”

“नाही. खरं सांगू का, छान वाटलं.”

मग त्यांनी सगळं वर्णन केलं. मॉलच्या वरच्या मजल्यावर खाण्याचे बरेच काउंटर एकत्र असतात, त्यातलाच एक. आठ-दहा स्टुलं. मेन्यूकार्ड नाही. माणशी रक्कम आधीच ठरलेली. समोर उभा असलेला आचारी एकेक घास हाताने बनवतो आणि पुढ्यात ठेवतो. काय द्यायचं, कोणत्या क्रमाने द्यायचं, ते तो ठरवतो. या पद्धतीला ‘ओमाकासे’ म्हणतात. अर्थ सरळ आहे: तुमच्यावर सोपवलं, तुम्ही द्याल ते. मुलीच्या म्हणण्याप्रमाणे हे त्यातलं ‘परवडणारं’ ठिकाण होतं. तिघांचं जे बिल झालं त्यात आमच्या सांगलीत एका पोराचं महिन्याचं दोन वेळचं जेवण होतं, हे गुरुजींनी हिशेब करून सांगितलं!

पण त्यांना सगळ्यात जास्त नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. “डॉक्टर, पहिला घास बनवायच्या आधी त्यानं विचारलं, काही चालत नाही असं आहे का, काही आजार आहे का, कसली अ‍ॅलर्जी आहे का. सत्तरीला आलो, कुठल्या हॉटेलात मला हे कुणी विचारलं नव्हतं.”

हे वाक्य ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती लाज. का, ते पुढे सांगतो. आधी कच्च्या माशाचं उत्तर देऊन टाकतो, कारण तो प्रश्न तुमच्यातल्याही काहींच्या मनात असणार.

कच्चा मासा: घाबरायचं कशाला आणि कशाला नाही

काही लक्षण नसताना ‘खबरदारी म्हणून’ अँटिबायोटिक घेऊ नका. कच्च्या माशातून जो परजीवी जंत येतो (अनिसाकिस हे त्याचं नाव) त्याला अँटिबायोटिक लागूच पडत नाही. तो मारण्याचा उपाय खाण्याच्या आधीचा आहे: मासा उणे 20 अंश किंवा त्याहून कमी तापमानाला सात दिवस गोठवणं. घरच्या फ्रीजरवर त्यासाठी भरवसा ठेवू नका, तिथलं तापमान तेवढं खाली जाईलच असं नाही. आणि गोठवल्याने जंत मरतात, जिवाणू मरत नाहीत. ते फक्त झोपतात. म्हणून मासा शेवटपर्यंत थंड राहिला का आणि बनवणाऱ्याचे हात स्वच्छ होते का, हे दोन प्रश्न उरतातच.

गरोदर स्त्रिया, यकृताचा आजार असलेले, स्टिरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेले, किडनी बदललेले, लहान मुलं आणि साठी-पासष्टीच्या पुढचे लोक यांनी कच्चा मासा टाळावा. गुरुजींनाही मी तेच सांगितलं: एकदा खाल्लंत, ठीक आहे, सवय नको. उलट्या, ताप, पोटात जोराची कळ किंवा शौचातून रक्त, यातलं काही झालं तर लगेच तिथल्या डॉक्टरांना दाखवा. आणि कृष्णा-कोयनेतला, धरणातला किंवा तळ्यातला गोड्या पाण्याचा मासा कुणीही, कधीही कच्चा खाऊ नये. त्यातले परजीवी वेगळे असतात.

आता ज्याला कुणीच घाबरत नाही ते सांगतो. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे पकडल्यावर नीट थंड ठेवले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामीन नावाचा पदार्थ तयार होतो. तो शिजवून किंवा तळून जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-तीन तासांत चेहरा लाल होतो, अंग खाजतं, डोकं ठणकतं. पेशंट म्हणतो, “मला माशाची अ‍ॅलर्जी आली.” बऱ्याचदा ती अ‍ॅलर्जी नसते, वाटेत बर्फ कमी पडलेला असतो. रत्नागिरीहून घाट चढून सांगली-साताऱ्यात येणाऱ्या माशाबद्दल कच्चा की शिजवलेला एवढंच विचारून भागत नाही. तो वाटेत किती वेळ, कसा ठेवला होता हे विचारा.

शिवाय गुरुजींनी दहा-बारा घास खाल्ले म्हणजे जवळजवळ दोन वाट्या भात खाल्ला, तोही साखर आणि व्हिनेगर लावलेला. सोबतच्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बीपीच्या पेशंटने काळजी माशापेक्षा त्या वाटीतल्या सॉसची करायला हवी होती.

झालं कच्च्या माशाचं. आता माझ्या लाजेकडे येतो.

मी काय विचारलं नव्हतं

त्या फोनच्या तीन-चार महिने आधीची गोष्ट. कुपवाड एमआयडीसीत काम करणारा एक तरुण, वय 34, मूळचा जत तालुक्यातला. चार जणांत मिळून एक खोली. शुगर नव्यानेच निघाली होती. मी गोळ्या लिहून दिल्या, त्यात जेवणाआधी घ्यायची एक, शुगर जोरात खाली आणणारी. आणि माझ्यामागे बाहेर बारा पेशंट बसलेले असताना मी ते नेहमीचं वाक्य फेकलं: “बाहेरचं खाणं एकदम बंद!”

तीन आठवड्यांनी त्याला त्याचे दोन सहकारी रिक्षातून घेऊन आले. घामाने डबडबलेला, बोलणं अडखळतंय, हात थरथरतायत. शुगर 46. ग्लुकोज दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर आला. मी जरा रागानेच विचारलं, “गोळी घेऊन जेवला नाहीस का?”

तो म्हणाला, “तुम्हीच सांगितलं नव्हं का सर, बाहेरचं बंद म्हणून? मी खानावळ बंद केली.”

खोलीवर गॅस नाही. स्वयंपाक येत नाही. पाळी सकाळी सातची. खानावळ बंद केल्यावर तो चहा, बिस्किटं, केळी आणि रात्री मिळालं तर पाव-अंडं यावर दिवस काढत होता. माझी गोळी मात्र न चुकता घेत होता. अत्यंत आज्ञाधारक पेशंट. चूक सगळी माझी. ‘तू कुठे जेवतोस, कोण वाढतं, काय वाढतात’ हे तीन प्रश्न मी त्याला विचारलेच नव्हते. मुंबईच्या मॉलमधल्या त्या आचाऱ्याने एक घास बनवण्याआधी विचारलं, आणि मी रोज पोटात जाणारी गोळी लिहून देण्याआधी विचारलं नाही.

जपानमध्ये ‘ओमाकासे’ हा शब्द वैद्यकातही वापरतात. सगळं डॉक्टरांवर सोडून देणाऱ्या उपचारपद्धतीला तिथे त्याच नावाने टोमणा मारतात. आपल्याकडे वेगळं काय आहे? “डॉक्टर, तुम्हाला काय योग्य वाटेल ते द्या,” हे मी दिवसातून वीस वेळा ऐकतो. ऐकायला बरं वाटतं. पण ज्याच्यावर सोपवलं त्याने आधी विचारायचं असतं.

‘बाहेरचं’ म्हणजे नेमकं काय?

मी आणि माझे अनेक व्यवसायबंधू ‘बाहेरचं’ या एका शब्दात वडापाव, पिझ्झा, लग्नातलं जेवण, ढाब्यावरचं पनीर आणि खानावळीतली भाकरी-आमटी हे सगळं कोंबतो. हे अशास्त्रीय आहे. शरीराला स्वयंपाकघराचा पत्ता कळत नाही. किती पीठ, किती तेल, किती मीठ, किती डाळ आणि ते किती वेळ उघड्यावर होतं, एवढंच कळतं.

या वाक्यात एक गृहीतही दडलेलं आहे: प्रत्येकाला घर असतं, घरात चूल असते आणि चुलीपाशी कुणीतरी बाई उभी असते. नसली तर? सांगली-मिरजेत शिकायला आलेली मुलं-मुली, साताऱ्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, बदलीवर आलेले कर्मचारी, एकटे पडलेले वृद्ध. यांना ‘बाहेरचं बंद करा’ सांगणं म्हणजे ‘आजारी पडलास ही तुझीच चूक’ असं सांगणं आहे.

आणि आपला इतिहास काय सांगतो? कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एकाच स्वयंपाकातलं जेवली. घरापासून लांब, ‘बाहेरचं’ खाऊनच ती शिकली. मुंबईच्या गिरण्यांत साताऱ्या-सांगलीकडची, कोकणातली माणसं एकेका खोलीत पाळीपाळीने राहायची. त्यांना जगवलं ते खानावळवाल्या बायकांनी. प्रेमा पुरव यांनी 1975 साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढून या बायकांना संघटित केलं, बँकेच्या कर्जापर्यंत पोहोचवलं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या भागातल्या माणसांची ताकद खानावळीच्या ताटातून आली आहे. त्या ताटाला आम्ही डॉक्टर एका शब्दात बाद करतो!

खानावळ हेच आपलं ओमाकासे

गंमत बघा. मेन्यूकार्ड नाही. दर ठरलेला. आज काय करायचं ते मावशी ठरवणार. बाजारात जे स्वस्त आणि ताजं, ते ताटात. वाढणारी समोर. हे सगळं मॉलमध्ये स्टुलावर बसून मिळालं की त्याला ‘अनुभव’ म्हणायचं, आणि शंभर फुटी रोडच्या गल्लीत पत्र्याखाली बसून मिळालं की ‘बाहेरचं अरबट-चरबट’ म्हणायचं?

सुशीसुद्धा मुळात श्रीमंतांचं खाणं नव्हतंच. हाताने दाबून दिलेली सुशी 19व्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, गाड्यांवर विकली जायची. कामाच्या घाईतल्या माणसांनी उभ्या उभ्या खायचा तो पदार्थ. त्यांची वडापावची गाडीच म्हणा.

आरोग्याच्या दृष्टीने ठरलेल्या ताटाचा एक मोठा फायदा आहे. चाळीस माणसांना एकच आमटी आणि एकच भाजी केली की ती त्याच जेवणात संपते. शंभर पदार्थांचं मेन्यूकार्ड असलेल्या हॉटेलात शंभर पदार्थ रोज ताजे होऊ शकत नाहीत. तिथे तयार ग्रेव्ही फ्रीजमध्ये असते, वर लोणी आणि क्रीम घालून तुमच्यापुढे येते. मला विचाराल तर शुगरच्या पेशंटने अशा हॉटेलातल्या पनीरपेक्षा खानावळीतली मटकीची उसळ आणि शाळूची भाकरी खावी. कराड-सांगलीकडचा अख्खा मसूर घ्या, कोरेगावकडचा वाघ्या घेवडा घ्या. गरीब माणसाचं प्रोटीन आणि फायबर यांतच आहे. फक्त वरचा तेलाचा कट बाजूला ठेवायला सांगा.

सरकारची शिवभोजन थाळी 26 जानेवारी 2020 ला दहा रुपयांत सुरू झाली. त्यात 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात आणि 100 ग्रॅम वरण ठरवलेलं होतं. माझ्या ढोबळ हिशेबाने त्यात 15 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन होतं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम लागतं. एका जेवणाला हे वाईट नाही. शुगरवाल्याने त्यातला भात निम्मा केला आणि डाळ वाढवून घेतली तर चांगलंच ताट होतं.

याच्या उलट ‘अनलिमिटेड’ची पाटी. तिथे पैसे वसूल करायला माणूस जेवतो आणि त्याची वसुली मी दवाखान्यात करतो. ओमाकासेत दर ठरलेला आणि मापही ठरलेलं. आपण त्यातला दर घेतला आणि माप सोडून दिलं.

खानावळीची बाजू घेतोय, पण डोळे मिटून नाही

सोपवणं म्हणजे आंधळेपणा नव्हे. खानावळीत काय चुकतं तेही सांगतो.

सकाळचा भात रात्री वाढणं. भातात बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू असतो. त्याची बीजं शिजवूनही टिकतात. भात तासन्‌तास उबदार राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. पुन्हा गरम करून किंवा फोडणी देऊन ते विष जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. फोडणीचा भात खायचाच असेल तर शिजल्यावर लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवलेल्या भाताचा खा.

पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. काळं, चिकट, फेसाळणारं आणि लवकर धूर सोडणारं तेल दिसलं तर त्या दिवशी भजी नको.

पाणी आणि हात. आमच्या भागात टायफॉइड आणि कावीळ जास्त करून यातूनच येतात. पिंपात तांब्या बुडवून पाणी काढत असतील तर आपली बाटली घेऊन जा. चिरून ठेवलेल्या कांदा-काकडीपेक्षा अख्खी काकडी धुऊन, समोर चिरून मागा.

मीठ. लोणचं, पापड, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, रस्सा. बीपीवाल्यांनी यातला एकच पदार्थ निवडावा.

यातली प्रत्येक गोष्ट विचारून, सांगून किंवा बघून टाळता येते. त्यासाठी जेवण बंद करावं लागत नाही.

मग तुम्ही काय करायचं?

तोंड उघडायचं, आणि घास घेण्याआधी. जत तालुक्यातला तो तरुण पुन्हा खानावळीत जायला लागला तेव्हा मी त्याला एकच काम सांगितलं: मावशींना शुगर असल्याचं सांग. तो महिनाभर लाजत होता. शेवटी सांगितलं. मावशी म्हणाल्या, “साखर हाय व्हय तुला? मग आधी का न्हाई सांगितलंस बाळा?” त्या दिवसापासून त्याच्या ताटात भाताची मूद अर्धी आणि उसळ दोन वाट्या. पैसे तेवढेच. सकाळच्या पाळीला एक भाकरी आणि भाजी फडक्यात बांधून मिळते. मी माझ्याकडून ती गोळी बदलली. तिघांनी मिळून केलेला उपचार आहे हा, आणि त्यात सगळ्यात कमी कष्ट माझे आहेत.

तुमच्यासाठी थोडक्यात:

1. खानावळ लावताना पहिल्याच दिवशी आजार सांगा. शुगर, बीपी, किडनी, अ‍ॅलर्जी, गरोदरपण. यात लाजण्यासारखं काही नाही.

2. आधी भाजी, उसळ, आमटी खा, मग भाकरी-चपाती, शेवटी भात. या क्रमाने जेवल्यावर जेवणानंतरची शुगर कमी चढते, असं अभ्यासांत दिसलं आहे.

3. भाकरी ‘चालते’ म्हणून तीन खाऊ नका. एक मोठी भाकरी दोन-तीन फुलक्यांच्या बरोबरीची असते.

4. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकवू नका. घाम, थरथर, चक्कर आली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं की जेवा. नाही वाटलं तर पुन्हा तेवढीच साखर घ्या आणि दवाखाना गाठा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात आणा.

5. घरी डबा करून देणाऱ्या ताईंनाही हेच सांगा. पंडुरोग असलेल्या मुलींच्या डब्यात रोज एक उसळ आणि लिंबाची फोड एवढं जरी आलं तरी माझ्या लोहाच्या गोळीला मदत होते.

6. स्वतःच्या मनाने औषध बंद किंवा कमी-जास्त करू नका.

माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती: केसपेपरवर वजन आणि बीपीच्या शेजारी एक ओळ वाढवा, ‘कुठे जेवतात’. लिहायला पाच सेकंद लागतात. ज्याच्याकडे चूल नाही त्याला चूल देता येत नसेल, तर निदान त्याचं ताट तरी काढून घेऊ नका.

गुरुजींची तब्येत उत्तम आहे. ती अँटिबायोटिक त्यांनी घेतली नाही. आणि पुढच्या वेळी तुम्ही माझ्याकडे किंवा कुणाही डॉक्टरकडे जाल, तेव्हा त्यांनी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा: मी रोज अमुक ठिकाणी जेवतो, ताटात एवढं असतं, आता यात काय बदलू?